‘माझा लढा’च्या शेजारी काय ठेवाल?

पत्र: ‘मी कोल्हापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावीची मुलं आमच्याकडून पुस्तकं नेतात. नववीतल्या एका मुलीनं “द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज” वाचलं, खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “बाई, असंच अजून एखादं द्या.” तिच्या वडिलांनी मात्र मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की मुलांच्या हातात असलं कशाला देता. शाळा समितीतले एक सदस्य म्हणतात, छळछावण्यांची पुस्तकं ठेवायचीच तर प्रेरणादायी तेवढी ठेवा. आणि देवघेवीची वही पाहिली तर मोठ्या मुलांनी सगळ्यांत जास्त वेळा नेलेलं पुस्तक हिटलरचं “माझा लढा” निघालं. ॲन फ्रँकच्या डायरीची एकच प्रत होती, ती गहाळ आहे. यंदा खरेदीला थोडे पैसे मिळालेत. वंशसंहार आणि त्यातून वाचलेली माणसं या विषयावर कोणत्या वयाला काय द्यावं?’

ताई,

तुम्हाला तीन माणसांना उत्तर द्यायचं आहे: त्या मुलीला, तिच्या वडिलांना आणि समितीच्या सदस्यांना. तिघांकडे येतेच. पण मला सगळ्यांत जास्त खटकली ती तुमच्या वहीतली नोंद, म्हणून आधी तिच्याबद्दल. मारणाऱ्याचं पुस्तक कपाटात आहे, ते वर्षानुवर्षं बिनबोभाट घरोघरी जातंय, आणि मारल्या गेलेल्या मुलीचं पुस्तक गहाळ आहे. पुस्तकांची निवड इथूनच सुरू करा.

मुलं ‘माझा लढा’ का नेतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. फुटपाथवर ते सहज मिळतं, मुखपृष्ठावरचा चेहरा ओळखीचा असतो, आणि शिस्त, भाषण, शून्यातून सत्तेपर्यंत अशा गोष्टी कुणाकुणाकडून त्यांच्या कानावर पडलेल्या असतात. त्यात आपण ते चरित्र-आत्मचरित्रांच्या मांडणीत, थोर पुरुषांच्या रांगेत उभं केलेलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलानं त्या रांगेवरून काय समजायचं? मुलांवर रागावू नका आणि पुस्तक लपवूही नका. लपवलं की त्याची किंमत वाढते.

जर्मनीत काय केलं ते पाहा. या पुस्तकाचे हक्क २०१५ संपेपर्यंत बव्हेरिया राज्याकडे होते आणि ते पुनर्मुद्रण होऊ देत नव्हतं. हक्क संपल्यावर जानेवारी २०१६ मध्ये म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेनं दोन खंडांत चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे साडेतीन हजार टिपा आहेत. कुठे तो खोटं बोलतो, कुठली कल्पना कुणाकडून उचलली, कुठल्या वाक्याचं पुढे काय झालं, हे पानोपानी दिलेलं आहे. आपल्या शाळेत एवढं जमणार नाही. पण पुस्तकाची जागा बदलणं आणि एक चिठ्ठी चिकटवणं नक्की जमेल.

चरित्रांतून काढून ते दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात ठेवा. एका बाजूला ॲन फ्रँकची डायरी आणि दुसऱ्या बाजूला वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, दाखल क्रमांकाच्या शिक्क्याखाली, चार ओळी लिहून चिकटवा. मी अशा लिहीन: ‘या पुस्तकाचा लेखक १९३३ ते १९४५ जर्मनीचा सत्ताधीश होता. त्याच्या राजवटीनं सुमारे साठ लाख ज्यूंना ठार मारलं. त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं होती. हे पुस्तक नेताना शेजारचंही एक न्या.’ भाषण नको, शेरेबाजी नको, एवढंच.

आणि जो मुलगा ते नेतो त्याच्याशी जाता जाता दोन गोष्टी बोला. पहिली अशी, की याच पुस्तकात हिटलरनं लिहून ठेवलंय, भारत इतर कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्या अंमलाखाली राहिलेला त्याला बरा वाटतो. आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीबद्दल त्याला तुच्छताच होती. हिटलर इंग्रजांचा शत्रू म्हणून आपला मित्र, अशी समजूत घरातून घेऊन आलेल्या मुलाला ही ओळ त्याच्याच पुस्तकातून काढून दाखवता येते. दुसरी गोष्ट जास्त जड आहे. नाझींनी केलेली पद्धतशीर हत्या १९३९ मध्ये सुरू झाली ती जर्मन अपंग मुलांपासून. डॉक्टरांनी आणि सुईणींनी अशा मुलांची नावं सरकारला कळवायची, असा हुकूम होता. तुमच्या शाळेतही कुबड्या घेऊन येणारं, फिट्स येणारं एखादं मूल असेल आणि वर्गातल्या सगळ्यांना ते माहीत असेल. त्या मुलाचं नाव तुम्ही घेऊ नका. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो आपोआप येतो.

आता ती मुलगी. ती रडली आणि तरीही पुन्हा तुमच्याकडे आली, म्हणजे तुमचं काम अर्धं झालेलं आहे. पण तिनं वाचलेलं पुस्तक या विषयातलं पहिलं आणि शेवटचं ठरू देऊ नका. छावणीच्या प्रमुखाचा मुलगा आणि कुंपणाच्या आतला ज्यू मुलगा यांच्या मैत्रीची जॉन बॉइन यांची ही कादंबरी २००६ मध्ये आली, खूप खपली, सिनेमा निघाला, आणि पुष्कळ मुलांना ऑशविट्झ ही पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी म्हणजे हीच गोष्ट वाटते. जानेवारी २०२० मध्ये ऑशविट्झच्या स्मारक संग्रहालयानं जाहीरपणे सांगितलं, की या काळाचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी. कारणं साधी आहेत. ऑशविट्झला आणलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरवल्यावर काही तासांतच गॅसच्या खोलीत नेलं जाई. नऊ वर्षांचा एक मुलगा रोज कुंपणापाशी येऊन बसतो आणि पलीकडच्या मुलाशी गप्पा मारतो, असं तिथं घडणं शक्य नव्हतं. कुंपणात वीज खेळवलेली होती आणि टेहळणीच्या मनोऱ्यांवर शिपाई होते. शिवाय त्या काळच्या जर्मन शाळेत जाणाऱ्या आणि छावणीच्या प्रमुखाच्या घरात वाढणाऱ्या मुलाला ज्यू म्हणजे कोण हे ठाऊक नसणं अवघड आहे. द्वेष अभ्यासक्रमातच होता.

माझ्या मते याहून मोठी अडचण शेवटाची आहे. वाचणारं मूल रडतं ते कुणासाठी, हे तिला विचारून पाहा. बहुतेक मुलं प्रमुखाच्या मुलासाठी रडतात. चुकून आत गेलेल्या एकासाठी. जे चुकून आत नव्हते, ज्यांना आत घालण्यासाठीच ते सगळं उभारलं होतं, ते गोष्टीच्या कडेला राहतात. पुस्तक कपाटातून काढायचं कारण नाही. पण तिला हे सगळं सांगा. नववीतल्या मुलीला कळतं, आणि आपल्याला रडवणारं पुस्तक खरं असतंच असं नाही हे शिकायला हेच वय योग्य आहे.

निवडीची माझी कसोटी यातच आली. पुस्तक किती भीषण आहे, हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला प्रश्न असा, की हे कुणाच्या नजरेतून सांगितलंय आणि वाचकाला बरं वाटावं म्हणून त्यात काही वाकवलंय का. जी पुस्तकं ठेवायची त्यांत मारल्या गेलेल्या माणसाला नाव असावं, गाव असावं, मारण्याच्या आधीचं आयुष्य असावं. फक्त प्रेत म्हणून जो भेटतो, त्याच्याबद्दल मुलांना भीती वाटते किंवा किळस येते, ओळख होत नाही.

त्या मुलीच्या हातात पुढचं पुस्तक म्हणून ‘हॅनाची सूटकेस’ द्या. कॅरन लीवाइन यांचं हे पुस्तक मराठीत आलेलं आहे. सहावी-सातवीपासून पुढे कुणालाही देता येतं, आणि एकच पुस्तक घेण्याइतके पैसे असते तर मी हेच घ्यायला सांगितलं असतं. २००० साली टोकियोतल्या एका छोट्या शैक्षणिक केंद्रात ऑशविट्झच्या संग्रहालयाकडून एक सूटकेस येते. तिच्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत एका मुलीचं नाव, १६ मे १९३१ ही जन्मतारीख, ६२५ हा आकडा आणि जर्मनमध्ये ‘अनाथ मूल’ असं लिहिलेलं. केंद्रात येणारी जपानी मुलं विचारायला लागतात: ही कोण, कशी दिसायची, हिचं काय झालं? केंद्राच्या संचालक फुमिको इशिओका मग शोधाला लागतात. पत्रं पाठवतात, तेरेझिनच्या छावणीत मुलांनी काढलेल्या चित्रांत हॅनाची चित्रं सापडतात, मग त्या स्वतः तिथं जातात. छावणीतल्या माणसांच्या यादीत जे वाचले नाहीत त्यांच्या नावापुढे खूण केलेली आहे. हॅना ब्रॅडीच्या नावापुढे ती आहे. तिच्या वर जॉर्ज ब्रॅडी असं नाव आहे, आणि त्याच्यापुढे खूण नाही.

तो तिचा भाऊ. तो कॅनडात टोरांटोला राहत होता.

या पुस्तकाचं बळ त्याच्या मांडणीत आहे. एक प्रकरण जपानमधल्या शोधाचं, एक चेक गावातल्या हॅनाचं. नोवे मेस्तो नावाच्या गावात आईवडिलांचं दुकान, स्केटिंग, स्कीइंग, मग सिनेमाला बंदी, बागेत बंदी, मैत्रिणींनी घरी येणं बंद. शाळकरी मुलांना गॅसच्या खोलीपेक्षा मैत्रिणीनं येणं बंद करणं आधी कळतं आणि जास्त लागतं. आणि शोधणारी मुलं त्यांच्याच वयाची असल्यामुळे वाचक एकटा पडत नाही. एक गोष्ट तुम्हाला माहीत असू द्या, एखादा चौकस मुलगा इंटरनेटवर वाचून विचारेल. टोकियोला आलेली सूटकेस ही प्रतिकृती होती. मूळ सूटकेस १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला प्रदर्शनासाठी गेली असताना आगीत जळाली, आणि छायाचित्रावरून दुसरी बनवली गेली. हे नंतर उघड झालं आणि हॅनाच्या कुटुंबानंही ते मोकळेपणानं सांगितलं. मुलांनाही सांगून टाका. ‘मग गोष्ट खोटी का?’ असं कुणी म्हणालं तर यादीत नाव आहे, चित्रं आहेत, भाऊ आहे, हे मुलंच एकमेकांना सांगतील.

ॲन फ्रँक आठवीपासून. गहाळ प्रतीचं निर्लेखन होईल तेव्हा होवो, नवीन दोन प्रती आत्ताच घ्या. तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ ला, तिला वही मिळाली. ६ जुलैला कुटुंब अॅमस्टरडॅममधल्या वडिलांच्या कचेरीमागच्या जागेत लपलं. पुढे एकूण आठ माणसं तिथं राहिली. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, आणि ४ ऑगस्टला पोलीस आले. म्हणजे डायरी जिथं संपते तिथं ॲन जिवंत आहे. ऑशविट्झ, मग बेर्गेन-बेल्सन, १९४५ च्या सुरुवातीला बहीण मार्गोटच्या पाठोपाठ टायफसनं मृत्यू, हे डायरीत नाही. मागचं निवेदन वाचल्याशिवाय पुस्तक परत घेऊ नका. माणसं मनातून चांगलीच असतात, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य शाळांच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेलं असतं. ती नोंद १५ जुलै १९४४ ची आहे, अटकेच्या तीन आठवडे आधीची. ते वाक्य लिहायचंच असेल तर तारखेसकट लिहा.

काही पालक डायरीतल्या शरीराविषयीच्या नोंदींवर हरकत घेतात. १९४७ च्या पहिल्या आवृत्तीतून वडील ऑटो फ्रँक यांनी असे काही भाग वगळलेही होते, ते नंतरच्या आवृत्त्यांत आले. चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःबद्दल लिहिलेलं चौदा वर्षांच्या मुलीनं वाचण्यात काही गैर नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

समितीच्या सदस्यांना ‘प्रेरणादायी’ हवं आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण इथं मला ठाम बोलावंसं वाटतं. छावण्यांतून जिवंत परत आलेल्यांची पुस्तकं आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या मांडणीत जातात. जिद्द ठेवा, सकारात्मक राहा, तुम्हीही तराल. याचा दुसरा अर्थ काय होतो, हे मुलांच्या डोक्यानं पाहा: जे मेले ते जिद्दीत कमी पडले. हॅना कमी पडली? दहाबारा वर्षांच्या मुलांना रांगेत उभं करून एक बोट डावीकडे-उजवीकडे हलत होतं, एक बाजू मरणाची, एक कामाची. तिथं जिद्दीला वाव कुठे होता? व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘अर्थाच्या शोधात’ हे प्रेरणेचं पुस्तक म्हणून मराठीत भरपूर वाचलं जातं. पण स्वतः फ्रँकल त्यात सुरुवातीलाच कबूल करतात, की परत आले ते योगायोगानं, दैवानं, आणि सर्वांत चांगली माणसं परतली नाहीत. त्यांची पत्नी, आई, वडील, भाऊ, कुणीच वाचलं नाही. ते पुस्तक जरूर घ्या. पण ते शिक्षकांसाठी आणि दहावीच्या पुढच्यांसाठी, आणि मांडणी इतिहासाची. सदस्यांना विनंती करा, की पहिली पन्नास पानं वाचून मग ठरवू या.

एली वीझेल यांचं ‘नाईट’ हे छोटं पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या दहावीच्या मुलांना द्या, पण मागितल्यावर. पंधराव्या वर्षी ऑशविट्झला पोचलेल्या मुलानं वडिलांना डोळ्यांसमोर संपताना पाहिलं, त्याची ही हकीकत आहे. शंभरेक पानांची आहे म्हणून ती हलकी समजू नका. जे मूल हे नेईल त्याच्याशी परत देताना दोन मिनिटं बोलायचंच, असा नियम ठेवा.

कुणीतरी कुणाला वाचवलं, अशी पुस्तकंही हवीत. लोइस लौरी यांची ‘नंबर द स्टार्स’ डेन्मार्कमधली आहे. तिथल्या लोकांनी १९४३ च्या शरद ऋतूत सात हजारांहून जास्त ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं. सातवी-आठवीला छान. पण असं एकच पुस्तक ठेवा, पाच नकोत. कपाटात वाचवणारेच जास्त झाले तर मुलांना वाटेल, बहुतेकांनी मदत केली. बहुतेकांनी केली नाही.

आपल्याशी धागा असलेली एक खरी गोष्ट सांगते, ती वाचन तासिकेला फार उपयोगी पडते. वॉर्साच्या ज्यू वस्तीत डॉक्टर यानुश कोरचाक यांचा अनाथाश्रम होता. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी नाटक केलं, रवींद्रनाथांचं ‘डाकघर’. आजारी अमल खिडकीशी बसून बाहेरच्या जगाची, राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते. तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या सुरुवातीला, त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. कोरचाकना सुटण्याची संधी होती, ते मुलांबरोबर गेले. सातवीच्या मुलांना आधी ‘डाकघर’ वाचून दाखवा. ते ऐकून झाल्यावर, एका वेगळ्या तासाला, ते कुणी आणि कुठे केलं ते सांगा. छावणीचं वर्णन अजिबात न करता मुलांना सगळं कळतं.

युरोपाबाहेरचं एखादं पुस्तक नसेल तर मुलांना वाटेल, हे एका वेड्या माणसानं एकदाच केलं. नववी-दहावीला कंबोडिया सांगा. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट संघटनेचे सैनिक राजधानीत शिरले आणि सगळं शहर रिकामं केलं. जानेवारी १९७९ पर्यंत पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीनं, रोगानं, कामानं किंवा थेट हत्येनं गेली. शिकलेली माणसं आधी. तुओल स्लेंग हा त्यांचा कुप्रसिद्ध तुरुंग, आणि ती इमारत म्हणजे एक माध्यमिक शाळा होती. वर्गांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या होत्या. ती आज संग्रहालय आहे आणि काही वर्गांत फळा अजून भिंतीवर आहे. लुंग उंग यांचं ‘फर्स्ट दे किल्ड माय फादर’ पाच वर्षांच्या मुलीच्या नजरेतून हे सांगतं. निवेदक लहान आहे म्हणून पुस्तक लहानांचं, असं मात्र धरू नका. ते मोठ्यांचं आहे, दहावीच्या पुढचं. तेच नादिया मुराद यांच्या पुस्तकाचं: इराकमधल्या याझिदी या अल्पसंख्य समाजावर २०१४ मध्ये जे झालं ते कळायला हवं, पण त्यात लैंगिक अत्याचार आहेत, ते शिक्षकांच्या कपाटात असू द्या.

रवांडासाठी वेगळं पुस्तक नाही मिळालं तरी एक तास द्या. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, जास्त करून शेजाऱ्यांकडून, कोयत्यांनी. एक रेडिओ केंद्र माणसांना झुरळं म्हणत होतं. ओळखपत्रावर जमात छापलेली होती, ती पद्धत बेल्जियन राजवटीनं आणलेली. मोबाइलवर काय काय पुढे पाठवत असतात त्या मुलांना रेडिओचा हा भाग पटकन कळतो. बांगलादेशच्या १९७१ साठी जहानारा इमाम यांची डायरी आहे. ढाक्यातलं एक सुशिक्षित घर, आणि मुक्तियुद्धात गेलेला मुलगा रुमी. मूळ बंगाली, इंग्रजीतही आहे.

‘आणि आपल्याकडे?’ हा प्रश्न येणार. यायलाच हवा. फाळणी आहे, दंगली आहेत, जातीच्या नावावर जाळलेली घरं आहेत, ‘बलुतं’सारखी पुस्तकं तुमच्याच कपाटात आहेत. या सगळ्याला सरसकट वंशसंहार म्हणू नका, १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची व्याख्या आहे आणि ती अरुंद आहे. पण मुलानं दुवा जोडला तर तोडूही नका. कुणाचं दुःख मोठं, ही स्पर्धा तेवढी होऊ देऊ नका.

तुमच्या शाळेपासून तर वळिवडे जवळ आहे. १९४० च्या सुमारास सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं, बरीचशी बायका आणि मुलं, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ तिथं राहिली. शाळा होत्या, चर्च होतं. ती गेल्यावर त्याच जागी सिंधहून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, तेच आजचं गांधीनगर. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे पणजोबा तिथलेच असतील. जीव वाचणं म्हणजे काय असतं, हे एखाद्या आजीच्या तोंडून ऐकता आलं तर पुस्तकाआधी तेच करा.

देण्याच्या पद्धतीबद्दल थोडंसं. पाचवीला हा विषय नको, मागून कुणी विचारलं तर खरं उत्तर द्या, पण थोडक्यात. अमेरिकेचं होलोकॉस्ट (ज्यूंचा वंशसंहार) संग्रहालयही शिकवण्याची सुरुवात सहावीपासून करायला सांगतं, आणि ऑशविट्झला चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, अशी तिथल्या संग्रहालयाची सूचना आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाचे शिक्षक एक तत्त्व पाळतात: मुलाला सुखरूप आत न्यायचं आणि सुखरूप बाहेर आणायचं. म्हणजे सुरुवात माणसाच्या घरापासून, शेवट वाचलेल्यांनी पुन्हा उभ्या केलेल्या आयुष्यापाशी, आणि मध्ये प्रेतांचे फोटो नाहीत. मुलांना कैदी आणि शिपाई करून नाटुकली बसवू नका. वाचन प्रेरणा दिनाच्या प्रदर्शनात काटेरी तार लावून सजावट करू नका. कुणी हसलं तर लगेच ओरडू नका, घाबरलेली मुलं हसतात. आणि घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, त्या मुलाला हे पुस्तक आत्ता नको, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?

वडिलांना शाळेत बोलवा, चहा द्या आणि ‘हॅनाची सूटकेस’ त्यांना आधी वाचायला द्या. आपल्या मुलीनं काय वाचावं हे सांगायचा त्यांना हक्क आहे, बाकीच्या मुलांचं ते ठरवू शकत नाहीत. हे मुख्याध्यापकांच्या सहीनं एका पानावर लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी वाद नको. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळानं ‘माऊस’ ही चित्रकादंबरी आठवीच्या अभ्यासक्रमातून काढली, कारण काय तर काही शिव्या आणि एक विवस्त्र चित्र. ऑशविट्झमधून वाचलेल्या बापाची ती हकीकत आहे, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं अशी काढलेली. काढल्यावर तिचा खप प्रचंड वाढला. तुमच्याकडे जाड पुस्तकांना हात न लावणारी नववी-दहावीची मुलं असतील आणि पैसे उरले, तर तीही घ्या.

खरेदीचा क्रम विचारलात तर: ‘हॅनाची सूटकेस’च्या तीन प्रती, ॲन फ्रँकच्या दोन, ‘अर्थाच्या शोधात’ एक. त्यानंतर इंग्रजीतली, ‘नंबर द स्टार्स’ आधी. कानिटकरांचं पुस्तक जुन्या कपाटात असण्याची शक्यता खूप आहे, पूर्वी शाळाशाळांत ते घेतलं जाई. सापडलं तर नवीन घेऊ नका, बांधणी करून घ्या आणि राइशस्टाग (जर्मन संसदेची इमारत) जळाल्यानंतरच्या महिन्यांची पानं खुणेची पट्टी घालून ठेवा. लोकशाही किती थोड्या दिवसांत मोडता येते ते तिथं आहे, आणि ‘माझा लढा’ नेणाऱ्या मुलांना नेमकी तीच पानं वाचायला सांगा.